लिबकर्लला अपलोडचा डेटा कॉलबॅकने देताना: ‘संपलं’ वेगळं, ‘अजून आलं नाही’ वेगळं

प्रश्न थोडक्यात असा. सी++ मधला एक बॅकअप प्रोग्रॅम आहे. एक थ्रेड (प्रोग्रॅममधला समांतर चालणारा धागा) फाइली वाचून कॉम्प्रेस करतो, दुसरा थ्रेड तो डेटा लिबकर्ल या नेटवर्कवर डेटा पाठवणाऱ्या-आणणाऱ्या लायब्ररीच्या मदतीने एचटीटीपी पुटने, म्हणजे फाइल चढवण्याच्या विनंतीने, सर्व्हरवर चढवतो. पूर्वी सगळा बॅकअप मेमरीत गोळा करून एकदम पाठवायचे. तो काही जीबीचा व्हायला लागला तशी मशिनं गुदमरायला लागली, म्हणून कर्लऑप्ट_रीडफंक्शन लावून, म्हणजे डेटा हवा असेल तेव्हा लिबकर्लने बोलवायचं आपलं फंक्शन (कॉलबॅक) देऊन, तुकड्यातुकड्याने द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून तीन तक्रारी आहेत. कधीकधी सर्व्हरवर अर्धवट फाइल पडते आणि लिबकर्ल मात्र शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’, असं सांगतं. आकार आधी सांगून पाहिला तर अपलोड शेवटाशी येऊन लटकतं. आणि एका ठिकाणी दर वेळी ६५ नंबरची चूक येते.

तक्रारी तीन दिसल्या तरी गैरसमज एकच आहे. कॉलबॅक लिहितानाही डोक्यात ‘मी पाठवतोय’ हेच असतं. इथे पाठवणारे आपण नाही. लिबकर्ल मागतं, आपण देतो. पंगतीतला वाढपी बादली घेऊन भटारखान्यात येतो तसं हे आहे: कधी यायचं ते तो ठरवतो, बादली केवढी तेही तोच ठरवतो. आपण भरून द्यायची, आणि देण्यासारखं काही नसेल तर का नाही ते त्याला नेमकं सांगायचं. ‘भात संपला’ असं ऐकलं की तो बाहेर जाऊन तसंच सांगणार. भात अजून चुलीवर आहे हे तुम्ही मनातच ठेवलंत तर त्याला कुठून कळणार?

आधी करार काय आहे ते पाहू. कॉलबॅकला चार गोष्टी मिळतात: बफरचा पॉइंटर, आकार, नग आणि तुम्ही कर्लऑप्ट_रीडडेटाने दिलेला तुमचा स्वतःचा पॉइंटर. आकार गुणिले नग एवढी जागा बफरमध्ये असते. हा गुणाकार कशाला, असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं. कारण साधं आहे. तुम्ही कॉलबॅक दिला नाही तर लिबकर्ल सरळ सीचं एफरीड वापरतं, आणि रीडडेटाही दिला नाही तर स्टँडर्ड इनपुटमधून वाचतं. एफरीडचा जो साचा तोच या कॉलबॅकचा साचा. प्रत्यक्षात आकार १ असतो आणि सगळी संख्या नगात येते, पण गुणाकार करून घ्या, त्यात काही जात नाही.

आणि परत काय द्यायचं? भरलेल्या बाइटांची संख्या. याशिवाय तीन खास उत्तरं आहेत. शून्य म्हणजे संपलं, आता पुन्हा विचारू नकोस. कर्ल_रीडफंक_पॉज म्हणजे आत्ता नाही, नंतर ये. कर्ल_रीडफंक_अबॉर्ट म्हणजे गडबड झाली आहे, सगळं थांबव. आधीपासून मेमरीत असलेल्या डेटासाठी कॉलबॅक एवढाच:

    दे(बफर, आकार, नग, माझं):
        जागा = आकार × नग
        शिल्लक = माझं.एकूण − माझं.दिलेलं
        शिल्लक शून्य असेल तर → ०
        किती = जागा आणि शिल्लक यांतलं लहान
        माझं.दिलेलं पासून पुढचे ‘किती’ बाइट बफरमध्ये उतरव
        माझं.दिलेलं += किती
        → किती

‘माझं.दिलेलं’ हा आकडा या सगळ्याचा कणा आहे. कुठवर दिलंय ते लिबकर्ल तुमच्यासाठी लक्षात ठेवत नाही, ते तुम्हालाच ठेवावं लागतं. तो आकडा ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवलात तर दोन अपलोड एकाच वेळी सुरू झाल्यावर काय होईल ते सांगायला नको.

आता पहिली तक्रार, कारण ती सगळ्यात घातक आहे. बाकीच्या दोन निदान ओरडतात तरी, ही गप्प बसते.

तुमच्या कॉलबॅकमध्ये रांग रिकामी दिसली की शून्य परत जातं. कॉम्प्रेस करणारा थ्रेड एखाद्या मोठ्या फाइलवर क्षणभर अडकला, रांग रिकामी पडली, नेमका तेव्हाच लिबकर्लने हात पुढे केला आणि तुम्ही ‘संपलं’ म्हणालात. आकार आधी सांगितलेला नसेल तर एचटीटीपी १.१ वर लिबकर्ल मजकूर चंक्ड पद्धतीने पाठवतं. प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी सोळाच्या अंकपद्धतीत, मग ओळ संपल्याची खूण, मग तुकडा, पुन्हा खूण, आणि सगळ्यात शेवटी शून्य लांबीचा तुकडा. समजा तुमच्या कॉलबॅकने फक्त ‘पुणे’ एवढे बाइट दिले आणि पुढच्या वेळी शून्य म्हटलं, तर तारेवर हे जातं:

    सी ⏎
    पुणे ⏎
    ० ⏎
    ⏎

सोळाच्या अंकपद्धतीत ‘सी’ म्हणजे १२. (यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट ३ बाइटांचा असतो आणि ‘पुणे’मध्ये असे ४ आहेत. यावर पुढे येतो.) शेवटचं ते शून्य दिसलं की सर्व्हरच्या दृष्टीने मजकूर पूर्ण झाला. तो फाइल बंद करतो आणि २०१, म्हणजे ‘फाइल तयार झाली’, असं उत्तर पाठवतो. लिबकर्ल म्हणतं, ठीक. इथे कोणीच खोटं बोललेलं नाही. तुम्ही संपलं म्हणालात, त्याने संपवलं. एचटीटीपी २ वर चंक्ड पद्धत नसते, तिथे शेवटच्या डेटा फ्रेमवर स्ट्रीम संपल्याचा झेंडा लागतो. पण परिणाम अगदी तोच.

म्हणजे रांगेला दोन वेगळ्या स्थिती हव्यात: ‘रिकामी’ आणि ‘बंद’. डेटा बनवणारा थ्रेड काम पुरं झाल्यावर रांग बंद करतो. रिकामी आणि बंद अशी दोन्ही असेल तरच शून्य. नुसती रिकामी असेल तर पॉज. आणि तिसरी स्थिती विसरू नका: डेटा बनवताना चूक झाली, डिस्क वाचता आली नाही, तर अबॉर्ट. तेव्हा लिबकर्ल ४२ नंबरची चूक देतं आणि शेवटचा शून्य तुकडा न पाठवता जोडणी सोडून देतं. अपलोड अर्धवट राहिलं हे सर्व्हरला त्यावरूनच कळतं.

जाता जाता एक सांगतो: एफरीड वापरणाऱ्या तयार कॉलबॅकवरही डोळे मिटून विसंबू नका. एफरीड फाइल संपल्यावर शून्य देतं आणि वाचताना चूक झाली तरीही शून्यच देऊ शकतं. फरक कळतो तो एफएरर विचारल्यावर. नेटवर्कवरच्या ड्राइव्हवरून वाचत असाल तर ही चूक प्रत्यक्षात भेटते. याच्या उलट, सिस्टिमचा रीड कॉल वापरलात आणि त्याने दिलेला उणे एक तसाच परत केलात तर तो चिन्हाशिवायच्या प्रकारात जाऊन अवाढव्य आकडा होतो, आणि लिबकर्ल २६ नंबरची चूक देऊन थांबतं. निदान थांबतं तरी.

आता पॉज. वाचायला सोपं आहे, पण पुष्कळ जण इथेच घसरतात. पॉज दिल्यावर लिबकर्ल तुम्हाला पुन्हा विचारत नाही. तुम्ही कर्ल_ईझी_पॉज बोलावून ‘चालू कर’ म्हणेपर्यंत अपलोड तसंच उभं राहतं. मग सरळ वाटतं की डेटा बनवणाऱ्या थ्रेडनेच, रांगेत काही टाकल्यावर, ते बोलवावं. ते करू नका. एक हँडल (एका अपलोडसाठी लिबकर्लकडून घेतलेली वस्तू) एका वेळी एकाच थ्रेडने हाताळायचं हा लिबकर्लचा नियम आहे आणि कर्ल_ईझी_पॉजला त्यातून सूट नाही. असा कोड चाचणीत चालतो, ग्राहकाकडेही बहुतेक दिवस चालतो, आणि मग एखाद्या दिवशी असा कोसळतो की कोअर डंप (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) बघूनही काही उमजत नाही.

मग चालू करायचं कुठून? तुम्ही ईझी इंटरफेसचं कर्ल_ईझी_परफॉर्म वापरताय, म्हणजे तुमचा थ्रेड त्या कॉलच्या आतच अडकलेला आहे. तिथे प्रगती कळवणारा कॉलबॅक, कर्लऑप्ट_एक्सफरइन्फोफंक्शन, हीच एक खिडकी उरते. तो त्याच थ्रेडवर चालतो, त्यामुळे रांगेत डेटा आला आहे का ते बघून त्यातून कर्ल_ईझी_पॉज बोलवायला हरकत नाही. त्यासाठी कर्लऑप्ट_नोप्रोग्रेस शून्य करायला विसरू नका, मुळात तो एक असतो. यातली खोट अशी की काहीच हालचाल नसताना हा कॉलबॅक साधारण सेकंदाला एकदाच येतो. म्हणजे डेटा ५ मिलिसेकंदांत आला तरी अपलोड जवळजवळ सेकंदभर उभं राहू शकतं. रांग वारंवार रिकामी पडत असेल तर वेगाचं भजं होतं.

नीट मार्ग मल्टी इंटरफेसचा. स्वतःचं लूप लिहायचं: कर्ल_मल्टी_परफॉर्म, मग कर्ल_मल्टी_पोल, पुन्हा परफॉर्म. डेटा बनवणारा थ्रेड रांगेत भर टाकून कर्ल_मल्टी_वेकअप बोलावतो. दुसऱ्या थ्रेडवरून बिनधास्त बोलवावा असा मल्टीमधला हा एकच कॉल, तो ७.६८.० आवृत्तीत आला. त्याने पोल जागं होतं, लूपच्या थ्रेडला रांगेत डेटा दिसतो, आणि तोच थ्रेड कर्ल_ईझी_पॉजने अपलोड पुढे सुरू करतो. एक अपलोड करायचं असलं तरीही मी हेच सुचवेन. लिहायला पन्नासेक ओळी जास्त लागतात, पण नंतरच्या रात्री शांत जातात.

‘पण कॉलबॅकमध्येच थांबून राहिलं तर काय बिघडतं?’ असं तुम्ही विचारलंय. म्हणजे कंडिशन व्हेरिएबलवर वाट बघायची, डेटा आला की भरून द्यायचा, पॉजची भानगडच नको. याला मी सरसकट नाही म्हणणार नाही. ईझी इंटरफेस, एकच अपलोड आणि वाट बघणं पाव-अर्ध्या सेकंदाचं असेल तर हा मार्ग चालतो आणि कोड समजायला सोपा राहतो. पण तुम्ही आत थांबलेले असताना लिबकर्ल सगळ्या बाजूंनी आंधळं असतं, हे लक्षात घेऊन थांबा. टाइमआउट बघता येत नाही. सर्व्हरने मध्येच ४१३ (‘मजकूर फार मोठा’) देऊन दार लावून घेतलं तरी कळत नाही. मल्टीमध्ये तर एका अपलोडच्या कॉलबॅकमध्ये थांबलात की बाकीची सगळीच ठप्प. एक मधला मार्ग मला पसंत आहे: कॉलबॅकमध्ये जास्तीत जास्त १००-२०० मिलिसेकंद थांबायचं, तेवढ्यात आलं तर द्यायचं, नाही आलं तर पॉज. रांग अधूनमधूनच रिकामी पडणार असेल तर यात पॉजपर्यंत पाळी क्वचितच येते.

पॉज कितीही बरोबर केलात तरी समोरच्याचं घड्याळ थांबत नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये क्लायंट_बॉडी_टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो. तो पूर्ण अपलोडसाठी नाही, लागोपाठच्या दोन वाचनांमधल्या अंतरासाठी असतो. तुमच्या कॉम्प्रेस करणाऱ्या थ्रेडने मिनिटभराहून जास्त वेळ एक बाइटही दिला नाही तर समोरून ४०८, म्हणजे ‘वेळ संपली’, येणार. यावर क्लायंटकडे औषध नाही. एक तर डेटा बनवण्याचे टप्पे लहान करा, नाही तर सर्व्हरवाल्यांना ती मर्यादा वाढवायला सांगा. तिथेच प्रॉक्सी_रिक्वेस्ट_बफरिंगही बघून घ्यायला सांगा. ते मुळात चालू असतं, म्हणजे तुम्ही इकडून कितीही थेंबाथेंबाने पाठवा, एनजिनएक्स सगळं स्वतःकडे जमा करून मगच मागच्या अॅप्लिकेशनला देतं. ‘स्ट्रीमिंग केलं तरी मागे एकदम का पोचतं’ याचं उत्तर बहुतेक वेळा हेच निघतं.

दुसरी तक्रार, लटकण्याची. तुम्ही कर्लऑप्ट_इनफाइलसाइझ_लार्जमध्ये मूळ फाइलींच्या आकारांची बेरीज देताय आणि पाठवताय मात्र कॉम्प्रेस केलेला डेटा. सर्व्हरला सांगितलं ३ जीबी येणार, दिले दीड, आणि शून्य म्हणून मोकळे झालात. बाकीच्या दीड जीबीची वाट बघत तो बसणार नाही तर काय? लिबकर्लच्या अलीकडच्या आवृत्त्या ही तफावत पकडून २६ नंबरची चूक देतात, जुन्या मात्र मुकाट लटकतात. आकार माहीत नसेल तर तो सांगूच नका. अंदाजाने तर नकोच. डेटाचा आकार नक्की माहीत असेल तेव्हा मात्र जरूर सांगा, कारण अर्धवट अपलोड ओळखण्याचं ते सगळ्यात स्वस्त साधन आहे.

आकाराच्या बाबतीत आणखी दोन खड्डे आहेत. पहिला: शेवटी ‘लार्ज’ नसलेला कर्लऑप्ट_इनफाइलसाइझ लाँग प्रकार घेतो, आणि ६४ बिटांच्या विंडोजवरसुद्धा लाँग ३२ बिटांचाच असतो. २ जीबीच्या पुढे गेलात की आकडा उलटतो. लिनक्सवर तोच कोड गुण्यागोविंदाने चालतो, त्यामुळे बनवणाऱ्याला हे कधी दिसत नाही. तेव्हा नेहमी लार्ज वापरा, आणि आकडा कर्ल_ऑफ_टी प्रकारात कास्ट करूनच द्या. कर्ल_ईझी_सेटऑप्टला कितीही आणि कुठलेही आर्ग्युमेंट चालतात, म्हणून प्रकार चुकला तरी कंपायलर बहुधा हूं की चूं करत नाही.

दुसरा आपल्याकडे जास्त सापडतो. लांबी बाइटांत मोजायची, अक्षरांत नाही. जावास्क्रिप्ट किंवा पायथनला ‘पुणे’ची लांबी विचारलीत तर ४ येते, तारेवर जातात १२ बाइट. इंग्रजी मजकुरावर चाचणी केली की दोन्ही आकडे सारखेच येतात आणि कोड पास होतो. मग पहिलं मराठी नाव आलं की बिघडतो. कंटेंट-लेंग्थ हेडर स्वतःच्या हाताने लिहिणारे इथे हमखास सापडतात: सांगितले ४, पाठवले १२, आणि उरलेले ८ बाइट चालू जोडणीवर पुढच्या विनंतीची सुरुवात समजले जातात. सर्व्हर ४०० (‘विनंती चुकीची’) देतो तो त्या दुसऱ्याच, निरपराध विनंतीला. लिबकर्ल वापरताना हे हेडर हाताने लिहूच नका, आकार ऑप्शनमधून द्या. बफर भरताना एखादं अक्षर मधोमध तुटलं, पहिले २ बाइट या फेरीत आणि तिसरा पुढच्या फेरीत, तर मात्र काळजी करू नका. पलीकडे ते परत जुळतं, अक्षराच्या सीमा सांभाळत बसायची गरज नाही.

बफर केवढा येईल यावर कशाचीच भिस्त ठेवू नका. मुळात ६४ केबी असतो, कर्लऑप्ट_अपलोड_बफरसाइझने १६ केबी ते २ एमबीच्या दरम्यान मागता येतो, पण ती विनंती आहे, हमी नाही. चंक्ड अपलोडच्या ट्रेसमध्ये तुकड्याची लांबी ‘एफएफएफ४’ अशी दिसली तर दचकू नका. ते ६५५२४ झाले, म्हणजे ६४ केबीमधून लांबीचा आकडा आणि ओळीच्या खुणा यांसाठी राखलेले १२ बाइट वजा. उलट तुम्हीच दर फेरीला एकेक ओळ देत असाल तर दर ओळीला वेगळा तुकडा आणि वर बहुधा वेगळा टीएलएस (एन्क्रिप्शनचा) रेकॉर्ड, त्याची टीएलएस १.३ मध्ये नेहमीच्या एईएस-जीसीएमला २२ बाइटांची टोपी. रांगेत असेल तेवढं एका फेरीत भरा. फक्त बफर पूर्ण भरावा म्हणून थांबून राहू नका.

तिसरी तक्रार, ६५. याचा अर्थ: डेटा पहिल्यापासून पुन्हा पाठवायची वेळ आली आणि तुमचा डेटा मागे नेता येत नाही. अशी वेळ येते कशी? सर्व्हरने ३०७ किंवा ३०८ देऊन दुसरा पत्ता सांगितला, तर तीच पुट विनंती त्याच मजकुरासह नव्या पत्त्यावर पाठवावी लागते. डायजेस्ट किंवा एनटीएलएमसारखी ओळखपद्धत असेल तर पहिल्या फेरीला ४०१ (‘आधी ओळख पटवा’) येऊन दुसरी फेरी होते. आधीची जोडणी पुन्हा वापरायला घेतली आणि ती मेलेली निघाली, तरीही तेच. तुमच्याकडे हे एकाच ठिकाणी आणि दर वेळी होतंय, त्यावरून मी म्हणेन की तिथे मधे कुठला तरी प्रॉक्सी किंवा लोड बॅलन्सर ३०७ देतोय. कर्लऑप्ट_व्हर्बोज लावून बघा, पाच मिनिटांत समजेल.

हे टाळायला एचटीटीपी १.१ मध्ये ‘एक्स्पेक्ट: १००-कंटिन्यू’ आहे. मजकूर १ एमबीपेक्षा मोठा असला किंवा त्याचा आकार सांगितलेला नसला की लिबकर्ल आधी नुसते हेडर पाठवून सर्व्हरच्या होकाराची वाट बघतं, म्हणजे ३०७ किंवा ४०१ यायचा असेल तर मजकूर जाण्याआधीच येतो. पण वाट बघतं ते फक्त १ सेकंद. सर्व्हरला हे हेडर कळत नसेल किंवा तो सावकाश असेल तर सेकंदानंतर मजकूर निघालाच. हा सेकंद वाचवायला लोक ‘एक्स्पेक्ट:’ असं रिकामं हेडर देऊन ही सोयच बंद करतात. लहान विनंत्यांना ते ठीक आहे, पण मागे न जाणाऱ्या मोठ्या अपलोडला ते करणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं. तुमच्या कोडमध्ये ती ओळ आहे. काढा ती.

खरा उपाय कर्लऑप्ट_सीकफंक्शन. लिबकर्ल तुम्हाला म्हणतं, अमुक जागी जा. परत पाठवताना ती जागा म्हणजे सुरुवातीपासून शून्य. मेमरीतल्या डेटाला ‘माझं.दिलेलं’ शून्य केलं की झालं. फाइलला एफसीक. जमलं तर ०, नाही जमलं तर १. तुमच्यासारख्या जागच्या जागी तयार होणाऱ्या डेटाला मात्र मागे नेणं म्हणजे कॉम्प्रेसचं काम पहिल्यापासून करणं. त्यापेक्षा आधी एक छोटी विनंती पाठवून पत्ता आणि ओळख पक्की करून घ्या, मग त्या अंतिम पत्त्यावर पुट करा. किंवा सुरुवातीचे काही एमबी हाताशी राखून ठेवा, कारण ३०७ आणि ४०१ आले तर लवकरच येतात, दोन जीबी गेल्यावर नाही. राखलेल्या भागाच्या पुढे गेलेले असाल तर सीकफंक्शनने १ द्यावा आणि वरच्या कोडने पूर्ण बॅकअप नव्याने सुरू करावा.

हा त्रास फक्त लिबकर्लचा नाही. गोमध्ये रिक्वेस्टला गेटबॉडी नावाचं फंक्शन असतं ते यासाठीच. बाइट्स.बफर, बाइट्स.रीडर किंवा स्ट्रिंग्ज.रीडर दिलात तर ते आपोआप भरलं जातं, स्वतःचा रीडर दिलात तर नाही, आणि मग ३०७ आला की क्लायंट पुढे न जाता तोच प्रतिसाद तुमच्या हातात ठेवतो. पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये डेटाच्या जागी जनरेटर दिला की तो चंक्ड जातो, पण जनरेटर मागे फिरत नाही. पीएचपीत रीडफंक्शनला हँडल, स्ट्रीम आणि जास्तीत जास्त लांबी अशी तीन आर्ग्युमेंट मिळतात आणि बफर भरायच्या ऐवजी स्ट्रिंग परत द्यायची असते. बाकी नियम तेच.

सी++ बद्दल थोडंसं. क्लासचं साधं मेंबर फंक्शन कॉलबॅक म्हणून देता येत नाही. स्टॅटिक फंक्शन द्या, ‘धिस’ पॉइंटर रीडडेटामधून न्या. लॅम्डा चालतो, पण काही कॅप्चर न करणारा, आणि सेटऑप्टला देताना त्याच्या आधी अधिकचं चिन्ह लावून त्याचा फंक्शन पॉइंटर करून. कॉलबॅकमधून एक्सेप्शन बाहेर उडू देऊ नका. खाली सीचा कोड आहे, त्याला ते झेपत नाही. सगळं आतच पकडा आणि अबॉर्ट परत द्या. रीडडेटाला दिलेली वस्तू अपलोड संपेपर्यंत जिवंत हवी. ईझीमध्ये स्टॅकवरची चालून जाते, मल्टीकडे वळाल तेव्हा तीच वस्तू फंक्शन संपताच मेलेली असेल. आणि विंडोजवर लिबकर्ल डीएलएल म्हणून वापरत असाल तर स्वतःचा कॉलबॅक न देता रीडडेटाला नुसता फाइल पॉइंटर देऊ नका, प्रोग्रॅम कोसळू शकतो.

आता तुमच्या जागी मी असतो तर? हा बॅकअप शेवटी ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये जातो असं तुम्ही लिहिलंय. मग एका लांबलचक चंक्ड पुटचा नादच सोडा. अॅमेझॉन एस३ ला साध्या पुटमध्ये चंक्ड ट्रान्स्फर-एन्कोडिंग चालत नाही, तिथून ५०१ (‘ही सोय नाही’) येतो. आणि एका पुटची कमाल मर्यादा ५ जीबी. तिथली मल्टिपार्ट पद्धत घ्या: शेवटचा सोडून प्रत्येक भाग किमान ५ एमबी, भाग जास्तीत जास्त १०,०००. कॉम्प्रेस करणाऱ्या थ्रेडने १६ एमबीचा एक ब्लॉक भरला की तो रांगेत जातो आणि एक स्वतंत्र पुट म्हणून चढतो. हिशेबाने एका बॅकअपला सुमारे १५६ जीबीपर्यंत वाव मिळतो, मेमरीत एका वेळी दोन-तीन ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकचा आकार पाठवण्याआधी नक्की माहीत, म्हणून लटकणं नाही. प्रत्येक ब्लॉक मेमरीत, म्हणून सीकफंक्शन एका ओळीचं. पुट सुरू होण्याआधीच ब्लॉक भरलेला, म्हणून पॉज, वेकअप वगैरे काहीच नको, ईझी इंटरफेस आणि वर लिहिलेला सात ओळींचा कॉलबॅक पुरे. मध्ये तुटलं तर तेवढा ब्लॉक पुन्हा. फक्त अर्धवट सोडलेल्या मल्टिपार्ट अपलोडचे भाग तिथे पडून राहतात आणि त्यांचं भाडं चालू राहतं. तेव्हा अबॉर्टची विनंती पाठवा, शिवाय बकेटवर ते ठरावीक दिवसांनी आपोआप साफ होतील असा नियम लावून ठेवा.

सर्व्हर तुमचाच असेल आणि एकच लांब पुट ठेवायचा असेल, तर मल्टी इंटरफेस, बंद होऊ शकणारी रांग आणि पॉज या मार्गाने जा. आणि चाचणीसाठी चार खोटे डेटा-निर्माते लिहा: दर फेरीला १ बाइट देणारा, दर फेरीआधी पॉज करणारा, मध्येच अबॉर्ट करणारा आणि ७० सेकंद झोपून उठणारा. समोर एक छोटा सर्व्हर ठेवा, जो पहिल्या विनंतीला ३०७ देतो आणि दुसरीला मजकूर घेऊन त्याचा एसएचए-२५६ ठसा परत सांगतो. प्रत्येक अपलोडनंतर कर्लइन्फो_साइझ_अपलोड_टी आणि तुमच्या रांगेतून गेलेल्या बाइटांची बेरीज लॉगमध्ये शेजारी-शेजारी छापा. पुट एकाच फेरीत आणि चंक्ड न होता गेलेला असेल तेव्हा (चंक्डमध्ये तुकड्यांच्या लांब्यांचे बाइटही मोजणीत येऊ शकतात) दोन आकडे जुळत नसले तर लिबकर्लने शून्य दिलं असलं तरी तो बॅकअप झालेला नाही असंच धरा.